डोंगरावरचे घर आणि झाडांची छाटणी

सह्याद्रीच्या डोंगरात घर बांधणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. कोणी नोकरीतून निवृत्त होऊन आपल्या मूळ गावी परततो, तर कोणी चार गुंठे जागा घेऊन दोन खोल्या उभ्या करतो. घर उभे राहते, पाण्याची टाकी येते, वीज येते. आणि मग पहिल्या पावसाळ्यात ध्यानात येते की, ज्यांच्या सावलीसाठी आपण ही जागा पसंत केली, तीच झाडे आता छपरावर ओणवी झाली आहेत. रात्री वाऱ्याने एखादी फांदी कडाडली की झोप उडते. ही झाडे छाटायची कशी, आणि छाटणारा माणूस शोधायचा कोठे? आज याच साध्या प्रश्नाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातच आहेत, त्यांना वाटेल की हा प्रश्न शहरातून आलेल्या मंडळींचा. आपला त्याच्याशी काय संबंध? पण संबंध आहे. कारण झाडावर चढायला बोलावणे येते ते तुम्हालाच किंवा तुमच्या शेजाऱ्याला. तेव्हा काम देणारा आणि काम करणारा अशा दोघांनीही हे ऐकण्यासारखे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. सातारा जिल्ह्यात घाटमाथ्याजवळ मी लहानसे घर बांधले. आवारात सिल्व्हर ओकची चार झाडे, एक जुने जांभूळ, एक हिरडा आणि बांधावर एक आंबा. सिल्व्हर ओक हे झाड आपल्याकडचे नव्हे. ते मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियाचे. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी ते आपल्या देशात आले, आणि एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवली गेली तेव्हापासून त्या भागात ते चांगलेच रुजले आहे. झाड सरळ, उंच, दिसायला देखणे. पण लाकूड ठिसूळ. वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. मला त्याची भीती वाटली. मी गावात कोणालाही न विचारता शहरातून एका ठेकेदाराला बोलावले. त्याची माणसे यांत्रिक करवत घेऊन आली आणि अर्ध्या दिवसात दोन झाडांचे शेंडे अर्ध्यावर उडवून निघून गेली. झाडे बोडकी झाली. मला मात्र वाटले, चला, काळजी मिटली!

काळजी मिटली नव्हती. वर्षभरात त्या कापलेल्या बुंध्यांवर केरसुणीसारखे धुमारे फुटले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातलाच एक जाडसर धुमारा मोडून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पडला. घरात त्या वेळी कोणी नव्हते म्हणून निभावले. असे का झाले, ते समजून घेतले की छाटणीचे निम्मे शास्त्र समजते.

आपल्या अंगाला जखम झाली की ती भरून येते; तेथे नवे मांस, नवी कातडी तयार होते. झाडाचे तसे नाही. झाडाचे लाकूड एकदा जखमी झाले की ते पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या जखमेभोवती आतून जणू भिंती उभ्या करते आणि कुजणे पुढे पसरू देत नाही. बाहेरून नवी साल व नवे लाकूड त्या जागेवर हळूहळू गुंडाळत जाते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून ही गोष्ट दाखवून दिली, आणि १९७० नंतरच्या दशकात छाटणीच्या जुन्या समजुती बदलू लागल्या. थोडक्यात काय, झाड जखम ‘भरून’ काढत नाही, तर ‘कोंडून’ टाकते.

आता हे कोंडण्याचे काम कोठे चांगले होते? प्रत्येक फांदी जेथे खोडाला मिळते तेथे बारकाईने पाहा. फांदीच्या बुडाशी सालीचा एक फुगीर पट्टा असतो, अंगठी घट्ट झालेल्या बोटासारखा. भिंत उभी करण्याची सारी तयारी त्या पट्ट्यात असते. फांदी या पट्ट्याच्या लगेच बाहेर कापली, तर पट्टा शाबूत राहतो आणि काही वर्षांत जखम झाकली जाते. पण खोडाला अगदी सपाट लागून कापली तर पट्टाच निघून जातो आणि कुजणे खोडात शिरते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि किडीला घर होतो. आणि शेंडाच मध्यावर उडवला, तर तेथे असा पट्टा मुळी नसतोच! जखम उघडी राहते, पाणी आत मुरते, आणि जे धुमारे फुटतात ते जुन्या लाकडात खोल रुजलेले नसून वरवर चिकटलेले असतात. ते जड झाले की मोडतात. माझ्या पत्र्यावर पडला तो असाच एक धुमारा.

जखमेवर डांबर किंवा रंग लावण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याने कुजणे थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाण्याचा संभव असतो. कापणे नीट झाले असेल तर जखम उघडी ठेवावी हेच बरे.

जाड फांदी एका घावात कापू नये. ती स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि खोडाची साल लांबवर सोलून नेते. तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या एक-तृतीयांश. दुसरा काप त्याच्याही थोडा बाहेर, वरून. म्हणजे फांदी मोडली तरी साल पहिल्या कापाशी येऊन थांबते. तिसरा काप उरलेला खुंट काढण्यासाठी, त्या फुगीर पट्ट्याच्या बाहेर. हे काम कुऱ्हाडीने नीट होत नाही. त्याला करवतच हवी. आणि एका वर्षात हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समजावी. पानांवरच झाडाचे पोट भरते, हे विसरून चालणार नाही.

छाटणी कधी करावी? पावसाळा संपून खोडे वाळल्यावर, म्हणजे साधारणपणे मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. आंब्याला मात्र तेव्हा मोहोर असतो. त्याची छाटणी फळे उतरल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी सवड मिळाली तर करावी, नाहीतर पाऊस सरल्यावर. वाळक्या फांद्या वैशाखापर्यंत केव्हाही काढता येतात. कोणतीही फांदी तोडण्यापूर्वी तीवर घरटे नाही ना, हे पाहावे. असेल तर पिल्ले उडेपर्यंत महिनाभर थांबल्याने आपले काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट. डोंगरउतारावर शक्य तोवर झाड मुळासकट काढू नये. झाडाची मुळे माती धरून ठेवतात. झाड तोडल्यावर ती लगेच नाहीशी होत नाहीत, पण काही वर्षांनी कुजतात, आणि मग माती सैल होते. शिवाय दाटीत वाढलेली झाडे एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. कडेची दोन काढली की आतले तिसरे, ज्याला वाऱ्याची सवय नाही, ते उघडे पडते आणि कोलमडते. तेव्हा अमुक झाड काढल्याने घर सुरक्षित होईल, हा हिशेब दिसतो तितका सरळ नसतो.

माझा पत्रा फुटल्यानंतर मी गावातल्या शाळेच्या गुरुजींकडे गेलो. ते हसून म्हणाले, “सर, हे आधीच विचारायचं होतंत. आमच्याकडे झाडावर चढणारी माणसं काय कमी आहेत?” आणि खरेच आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या हिवाळ्यात तोडतात, वाळवतात आणि पावसापूर्वी रोपाच्या जागेवर जाळतात. कोकणात याला कवळ तोडणे म्हणतात. शेळ्यांना पाला काढणे, हिरडा उतरवणे, आंबे काढणे, नारळ-सुपारी पाडणे, ही सारी झाडावरची कामे करणारी माणसे डोंगरातल्या गावोगावी असतात. त्यांच्या दारावर पाटी नसते, एवढेच. ती शोधायची तर चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, शाळेत, ग्रामपंचायतीत विचारावे. एकाने नाव सांगितले तर धीर धरावा. दोघा-तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी तेच नाव सांगितले तर तो आपला माणूस, असे समजायला हरकत नाही.

मला असेच एक गृहस्थ मिळाले. पन्नाशी उलटलेले, गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. ते आले ते कोयता न आणता. अर्धा तास नुसते झाडांभोवती फिरले. खोडावर मुठीने ठोकून आवाज ऐकला, बुंध्याशी आळंबी उगवली आहे का ते पाहिले, वर आग्या मोहोळ लागले आहे का ते पाहिले. मग म्हणाले, “सर, तुमी पाच झाडं सांगताय. त्यातली दोनच करायची. जांभळीला हात लावायचा न्हाई, ती देवाची हाय.” माझ्या बांधाला लागून पूर्वी देवराई होती आणि ते जांभूळ तिच्या कडेचे, ही गोष्ट मला कागदपत्रांतून कधीच कळली नसती. ते मी आल्याआल्या तोडले असते, तर कायद्याने काय झाले असते ते अलाहिदा. गावात मात्र मला कोणी पाणी विचारले नसते.

येथे एक सांगायला हवे. राबासाठी फांदी तोडणे आणि घराजवळचे झाड छाटणे ही दोन कामे वेगळी आहेत. राबाला पाला हवा असतो, म्हणून कोयत्याने सपासप तोडतात. घरापाशी झाड टिकवायचे असते. तेव्हा तो फुगीर पट्टा आणि ते तीन काप मी मामांना दाखवले. त्यांनी एकदा करून पाहिले आणि म्हणाले, “म्हंजी साल फाटत न्हाई. बरं हाय की!” चढण्याची विद्या त्यांची, कापण्याची ही एक खूण माझी, दोघांनी एकमेकांचे ऐकले आणि काम चांगले झाले.

आता कायद्याविषयी. झाड आपल्या जागेत आहे म्हणून ते हवे तेव्हा तोडता येते, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर अशी झाडे आहेत. नगरपालिकांच्या हद्दीसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली आणि माथेरान २००३ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेथे नियम अधिक कडक आहेत. म्हणून बारीक वाळक्या फांद्यांपलीकडे काही करायचे असेल, तर आधी वनक्षेत्रपालांच्या कचेरीत, तहसीलीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारावे आणि परवानगी लेखी घ्यावी. तोडलेले लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचे असेल तर त्याचाही परवाना लागू शकतो. नियम मोडल्याचा त्रास पुष्कळदा मालकाआधी कोयता हातात असलेल्या मजुराला होतो. तेव्हा परवानगी काढणे हे मालकाचे काम. ते मजुरावर ढकलू नये.

विजेच्या तारांजवळची फांदी ना मालकाने तोडावी, ना मजुराने. ओल्या फांदीतून वीज वाहते. तारेला प्रत्यक्ष हात लागण्याचीही गरज नसते. महावितरणच्या जवळच्या कार्यालयात किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. त्यांनी प्रवाह बंद करून आपल्या माणसांकडून फांदी काढवून घ्यावी, हाच एक मार्ग. यात दोन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मामांशी काम ठरले तो मार्गशीर्ष महिना होता. पण रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी ऊन पडले. मी सुट्टी काढून आलो होतो, दुसऱ्या दिवशी कॉलेज होते. मी म्हणालो, “मामा, ऊन चांगलं आहे, आज उरकून टाकू.” मामांनी खोडावर तळहात फिरवला आणि मान हलवली. “आज न्हाई चढायचं, सर. साल वली हाय.” मी थोडा आग्रह धरला. दोन पैसे जास्त देतो, असेही बोलून गेलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “माजा थोरला भाऊ असाच शेरडांस्नी पाला काढाय चढला व्हता. पाय सटाकला. नऊ वर्सं झाली, अंथरुणावर हाय. त्याला बी कुनीतरी म्हनलंच व्हतं, आज उरकून टाक म्हणून.”

मला पुढे बोलवेना. मुलांना पडत्या वस्तूंचे नियम शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि तोच नियम मी एका माणसाला विसरायला सांगत होतो. हिशेब अगदी सोपा आहे. वीस फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. मग ती फांदी असो की माणूस. आणि फांदी तरी किती वजनाची? २० सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर लांब अशा ओल्या फांदीचे वजन ७५ ते ९५ किलोच्या घरात जाते, म्हणजे दीड पोते धान्याहून अधिक. ही आकडेमोड गुरुजनांनी वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावी. झाडावर चढणाऱ्या घरांतली मुले त्या वर्गात बसलेली असतात.

म्हणून काम देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. खोड ओले असेल, वारा सुटला असेल, तर काम नाही. आणि त्या दिवसाची येण्याजाण्याची मजुरी मात्र द्यायची, म्हणजे पोटासाठी चढण्याचा मोह होत नाही. चढणारा एकटा नसावा. खाली एक जाणता जोडीदार हवा. चढणाऱ्याच्या अंगाला पट्टा असावा आणि तो वरच्या जिवंत, जाड फांदीला चांगल्या नायलॉनच्या दोराने बांधलेला असावा. जुना सुंभाचा दोर नको. हा दोर कोयत्याच्या वाटेत येणार नाही हे पाहावे. जड फांदी उतरवायला दुसरा दोर वेगळा असावा. डोक्याला शिरस्त्राण असावे. यांत्रिक करवत झाडावर चढून एका हाताने कधीही चालवू नये. झाडाच्या उंचीइतक्या टापूत मुले, गुरे, बघे कोणीही उभे राहू नये. पट्टा, दोर आणि शिरस्त्राण विकत घ्यायला मजुराला परवडत नाही. ते घरमालकाने घ्यावे, किंवा चार घरांनी मिळून घ्यावे आणि ग्रामपंचायतीत ठेवावे.

मजुरी किती, काम किती दिवसांचे, जेवण कोणाचे आणि तोडलेले सरपण कोणाचे, हेही आधी बोलून घ्यावे. सरपणावरून पुष्कळदा मने दुखावतात. मी सरपण मामांना दिले; माझ्या घरी त्याचा उपयोग नव्हता, त्यांच्या घरी होता. शिवाय एक छोटी गोष्ट केली. केंद्र सरकारची २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. तिचा वार्षिक हप्ता २०२२ पासून २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षांच्या, बँकेत किंवा पोस्टात खाते असलेल्या माणसाला ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर २ लाख रुपये मिळतात. मामांना घेऊन मी बँकेत गेलो आणि तो अर्ज भरला. या पैशाने गेलेला माणूस परत येत नाही, हे खरे. पण मागे राहिलेल्या घराला थोडा आधार होतो. गावातल्या शिक्षकांनी असे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले, तर त्याहून मोठी समाजसेवा ती कोणती!

चार दिवसांनी खोडे वाळली. मामा आणि त्यांचा पुतण्या आले. पट्टा बांधताना मामा थोडे लाजले, “पोरं हसत्याल” म्हणाले, पण बांधला. दोन दिवसांत छपरावरच्या फांद्या निघाल्या, वाळके लाकूड उतरले. बोडक्या केलेल्या दोन झाडांचे धुमारे त्यांनी विरळ केले, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते पाहावे लागतील, असे बजावले. एकदा केलेली चूक झाड विसरत नाही. त्यानंतरचा पावसाळा आम्ही निर्धास्तपणे काढला.

डोंगरावर घर बांधणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, कोयता आणण्यापूर्वी गावातल्या चार माणसांना विचारा, आणि ज्याला विचाराल तो ‘नको’ म्हणाला तर त्याचे ऐका. आणि झाडावर चढणाऱ्या बांधवांना विनंती अशी की, घरमालक कितीही घाई करो, साल ओली असेल तर मामांसारखे स्पष्ट सांगा, “आज नाही चढायचं.” झाड चार दिवस थांबते. त्याला कसलीही घाई नसते.